नेब्रास्काच्या सूचं एवढं कौतुक का?

मुलगा नेब्रास्कात लिंकनला शिकतो. तिथे अजून अमेरिकन फुटबॉलवाल्या एन्डामुकाँग सूचं नाव निघतं म्हणे. अडवणाऱ्या गड्याचं एवढं काय?

— काका, ५ डिसेंबर २००९ची टेक्सास विद्यापीठाविरुद्धची मॅच बघा. साडेचार सॅक, म्हणजे बॉल फेकायच्या आत फेकणाऱ्यालाच पाडणं! त्यांच्या बॉल फेकणाऱ्या कोल्ट मॅकॉयला गोणपाटासारखा भिरकावला.

— साडेचार? अर्धा माणूस कसा पाडतात?

— दोघांनी मिळून पाडला की अर्धा-अर्धा. एवढं करूनही हरले हो, १३-१२. शेवटच्या सेकंदाला टेक्सासची किक. मी तेव्हा डॅलसला. सोमवारी ऑफिसात टेक्सासवाल्यांचे दात आत जाईनात. हाइजमन, म्हणजे कॉलेजच्या सर्वोत्तम खेळाडूची ट्रॉफी, तिच्या मतदानात सू चौथा. बहुतेक वेळा बॉल फेकणाऱ्या-पळवणाऱ्यांनाच देतात ती ट्रॉफी, दुसरं काय! २०१०च्या ड्राफ्टमध्ये, म्हणजे व्यावसायिक संघ नवे खेळाडू निवडतात त्यात, मात्र डेट्रॉइटच्या संघाने दुसऱ्या क्रमांकावरच उचलला.

— मुलाला विचारतो. त्याला क्रिकेटच कळतं अजून.