सोंगलेलं सोयाबीन भिजलं, पुढे आणखी पाऊस आहे. सुडी, मळणी आणि हरभरा कसं जमवायचं?

धुऱ्यावरचा (दारव्हा, जि. यवतमाळ)

राम राम मंडळी. भारी काळी जमीन, एकूण ७ एकर सोयाबीन. त्यातल्या ३ एकरात तूर आहे. तिथलं सोयाबीन सोंगून (कापून) ढीग वावरातच पडलेत, परवा रात्री ते भिजले. बाकी ४ एकर सलग, अजून उभं आहे. पानं गळली, शेंगा तपकिरी झाल्यात. आज ऊन आहे, पण तीन दिवसांनी पुन्हा पाऊस सांगतात. भिजलेल्याची आजच सुडी (रचून झाकलेली गंजी) लावू का? हडंबावाला (मळणी यंत्रवाला) म्हणतो ओलंच काढून देतो, ते चालेल का? उभ्यात हार्वेस्टर घालावा का? सलग वावरात पुढे हरभरा घ्यायचा आहे, आणि घरच्या बियाण्यासाठी दोन पोती ठेवायची आहेत.

वाशीमचा कास्तकार

भाऊ, आज सुडी अजिबात लावू नका. ओल्या मालाची सुडी लावून वर ताडपत्री आवळली की आतून वाफ धरते. एका रात्रीत हात घालवत नाही इतकी गरम होते, मग दाणा काळा पडतो नाहीतर शेंगेतच कोंब फुटतात. पावसापेक्षा झाकलेल्या ओलीनं जास्त माल जातो.

आज ढीग उलथून मोकळे करा. जमिनीला टेकलेली बाजू वर आली पाहिजे, कारण खालच्या शेंगा चिखलाची ओल ओढत राहतात. मजूर मिळाले तर माल उचलून धुऱ्यावर (बांधावर) किंवा मुरमाड जागेवर पातळ पसरा. दीड-दोन दिवस कडक ऊन लागलं आणि शेंग हलवल्यावर दाणा खुळखुळला, की मग सुडी.

सुडीखाली मागच्या वर्षीच्या तुराट्या किंवा पऱ्हाट्यांचा वीतभर थर द्या. शेंगा आत, बुडखे बाहेर. माथा निमुळता ठेवा, मधे खोलगट राहिला तर ताडपत्रीवर पाणी साचून तिथूनच झिरपतं. ताडपत्री जमिनीपर्यंत ओढू नका, खाली हातभर उघडं राहू द्या. भोवती चर काढा. पाऊस उघडला की दुपारी ताडपत्री काढायची, संध्याकाळी पुन्हा टाकायची. कंटाळवाणं काम आहे, पण सगळी सुडी त्यावरच टिकते.

हडंबा चालवतो (मेहकर)

ओलंच काढून देतो म्हणणाऱ्याला एकच विचारा, ड्रमचे फेरे किती ठेवणार? दाण्यात १४ टक्के ओलावा असेल तर मिनिटाला ४०० ते ५००, १३ टक्के असेल तर ३०० ते ४००. त्याच्या वर गेलं की डाळ पडते, साल तडकते. १७-१८ टक्क्यांच्या मालात उलटं होतं. शेंग चामड्यासारखी होते, फुटत नाही, म्हणून चालक फेरे वाढवतो आणि दाणा चेपतो. जाळीत ओलं कुटार (भुसा) बसतं आणि अर्धा दाणा कुटारासोबत बाहेर उडतो.

इथं एक खोच आहे. फेरे कमी करायला बरेच जण ट्रॅक्टरचा ॲक्सिलेटर उतरवतात. पण पंखा त्याच शाफ्टवर असेल तर वाराही कमी पडतो, मग पोत्यात कचरा येतो. खरा उपाय म्हणजे ड्रमची पुली बदलून फक्त ड्रम हळू करणं. सोयाबीनची वेगळी पुली हडंब्यासोबत आहे का, ते आधीच विचारून घ्या.

मळणी चालू असताना पंख्याच्या तोंडासमोर पोतं पसरून दोन मिनिटं कुटार धरा आणि चाळून बघा. त्यात मूठभर दाणे निघाले तर मशीन थांबवायची. मळणीची वेळ सकाळी १० नंतर, दव उतरल्यावर. संध्याकाळी हवा दमट झाली की बंद.

बाजारात बसणारा (कारंजा)

ओल्या विक्रीचा हिशेब करूनच विका. १८ टक्के ओलाव्याचे १०० किलो वाळवून १२ टक्क्यांवर आणले तर ९३.२ किलो उरतात. १६ टक्क्यांचे असले तर ९५.५. म्हणजे १८ च्या मालाला क्विंटलमागं पावणेसात किलोची घट रास्त. व्यापारी त्याहून जास्त कापत असेल तर घरी वाळवणं परवडतं. २०२५-२६ चा हमीभाव क्विंटलला ५,३२८ रुपये होता, पण खरेदी केंद्रावर ओलावा १२ टक्क्यांच्या आत लागतो. तिथं १४ चा माल नेऊन ट्रॅक्टर परत आणण्यात डिझेल जाळू नका.

धुऱ्यावरचा

मॉइश्चर मीटर घरी नाही. अंदाज कसा घ्यायचा?

बाजारात बसणारा (कारंजा)

कोरड्या काचेच्या बाटलीत मूठभर दाणे आणि दोन चमचे कोरडं मीठ टाका. दोन-तीन मिनिटं हलवून थोडा वेळ ठेवा. मीठ काचेला चिकटलं तर माल साधारण १५ च्या वर आहे. नाही चिकटलं तर १५ च्या आत, पण १२ झालं असं त्यावरून धरू नका. बाजार समितीत मूठभर नमुना नेऊन मीटरवर लावून घेणं सोपं.

काळी माती (पुसद)

सलग ४ एकरात हार्वेस्टर चालेल, घाई मात्र नको. दुसऱ्या ३ एकरात तूर उभी आहे, तिथं त्याचा प्रश्नच नाही.

आधी जमीन बघा. चार-सहा इंच खोलीवरची माती घेऊन मुठीत लाडू वळा आणि छातीच्या उंचीवरून टाका. फुटून पसरला तर वाफसा, चपटा होऊन तसाच राहिला तर थांबा. भारी जमिनीत मोठ्या पावसानंतर आठवडा सहज लागतो. त्याआधी हार्वेस्टर घातला तर चाकोऱ्या वीतभर खोल पडतात आणि तिथं हरभरा पिवळा पडलेला माघ महिन्यापर्यंत दिसतो.

दुसरीकडे, पक्व झाल्यावर आठ-दहा दिवसांच्या वर उभं ठेवलं तर भिजून पुन्हा ऊन पडलं की दुपारी शेंगा तडकतात. म्हणून वाफसा आला की त्याच दिवशी. कटर बार (पुढचं कापणारं पातं) जमिनीपासून तीन-चार इंचांवर ठेवायला लावा, खालच्या शेंगा तिथंच असतात. पहिल्या फेरीनंतर खाली उतरून एक चौरस फूट जागेतले दाणे मोजा. ४ दाणे म्हणजे एकरी साधारण २० किलो वावरात. आठ-दहा सापडले तर चालकाला पुढे जाऊ देऊ नका. रीलचा (पीक आत ओढणाऱ्या फिरत्या चक्राचा) वेग आणि गाडीचा वेग, दोन्ही उतरवायला सांगा.

वाशीमचा कास्तकार

एवढी वाट बघायला चार एकराला पाऊस थांबणार आहे का? मजूर मिळत असतील तर सोंगून सुडी लावलेली बरी. जमीन तर वाचते.

काळी माती (पुसद)

मजूर मिळत असतील तर तुमचंच बरोबर. पण दिवाळीच्या तोंडावर ४ एकराला मजूर मिळणं हाच खरा प्रश्न आहे.

हरभऱ्याचं सांगतो. ओलिताची सोय असेल तर २० ऑक्टोबर ते १० नोव्हेंबर हा काळ हाती आहे, चिखलात वखर घालू नका. ओल्या काळ्या मातीत रोटाव्हेटर फिरवला की वर भुगा दिसतो आणि खाली पक्का थर बसतो. सोयाबीनचं कुटार ओल्या जमिनीत नुकतंच गाडून लगेच पेरू नका. न कुजलेलं कुटार, ओल आणि ऑक्टोबरची गरमी एकत्र आली की मानकूज येते. रोप मातीलगत सडून लोळतं, बुडाशी पांढरी बुरशी आणि मोहरीसारखे बारीक दाणे दिसतात. हार्वेस्टरमागचं कुटार गोळा करून धुऱ्यावर टाका, पेटवू नका. तण कमी असेल तर एक हलकी वखरपाळी पुरते.

हरभऱ्याचं जाकी ९२१८ वाण एकरी ३० किलो, ३० सेंमीच्या ओळीत. ओल वर असेल तर ५ सेंमी खोल, वरचा थर सुकला असेल तर ७-८. किलोला ५ ग्रॅम ट्रायकोडर्मा, मग १० किलोला २५० ग्रॅम रायझोबियम, आणि बियाणं सावलीत सुकवायचं. डीएपी एकरी ५० किलो पेरणीबरोबरच. नंतर युरिया नको, नुसती वाढ होते.

बियाणेवाला (अकोट)

बियाण्याची दोन पोती भिजलेल्या मालातून धरू नका. भिजणं-वाळणं दोनदा झालं की साल सैल होते आणि उगवण पडते, दाणा वरून छान दिसत असला तरी. सलग वावरातला उंचवट्याचा, न लोळलेला भाग हातानं सोंगून वेगळा मळा, जमलं तर काठीनं बडवून.

ताडपत्रीवर दोन इंचांचा थर, तासातासानं हलवणं. तापलेल्या सिमेंटवर भर दुपारी नको. १० ते १२ टक्क्यांवर आल्यावर ज्यूटच्या पोत्यात भरा, लाकडी फळीवर ठेवा, थप्पी चार पोत्यांच्या वर नको आणि पोतं आपटू नका. मे महिन्यात १०० दाणे ओल्या गोणपाटात गुंडाळून तपासा. ७० च्या वर उगवले तर एकरी ३० किलो पुरतं, ६० असले तर ३५ धरा.

धुऱ्यावरचा

मग उद्या ढीग उलथतो, उंचवट्याची दोन पोती हातानं काढतो. हार्वेस्टरवाल्याला पुढच्या आठवड्याचं सांगतो.

बियाणेवाला (अकोट)

आणि तो आला की हार्वेस्टरची धान्याची टाकी उघडून बघा. आधीच्या वावरातला वेगळ्या जातीचा माल तळाशी असतोच. पुढच्या मोसमासाठी त्यातलं काही ठेवायचं झालं तर हार्वेस्टरमधून निघालेली पहिली दोन पोती बाजाराला जाऊ द्या.