लॉनवर आज पुन्हा तेच

सोसायटीचा ग्रुप, गुरुवार सकाळ

बंगला ७ (काकू), ६:५२
(फोटो)
आज पुन्हा कुत्र्याची घाण. या आठवड्यात तिसऱ्यांदा. नातू अनवाणी खेळतो नेमकं त्याच जागी. ज्यांचं कुत्रं आहे त्यांनी समजून घ्यावं.

बंगला १२, ६:५५
काकू, डोळे उघडले आणि पहिला हाच फोटो 🙏

बंगला ७, ६:५६
तुम्ही फोटोत बघितलंत. मी चपलेखाली बघितलं.

बंगला ४, ७:०३
"ज्यांचं कुत्रं" म्हणजे आमचंच ना? स्पष्ट बोला की.

बंगला ७, ७:०४
मी नंबर घेतला का कोणाचा?

बंगला ४, ७:०४
ग्रुपवर नाही घेतलात. फाटकावर पाटी लावलीत ना गेल्या महिन्यात, "चार नंबरने लक्ष द्यावे". अख्खी गल्ली वाचून जाते.

बंगला ११, ७:०६
ज्याच्यासाठी लावली त्याला सोडून. त्याला वाचता येत नाही 😂

सचिव, ७:१०
ग्रुपवर वैयक्तिक बोलू नये. तक्रार लेखी द्यावी.

बंगला १२, ७:११
मागच्या लेखी तक्रारीचं परिपत्रक निघालं होतं साहेब. त्या परिपत्रकाने अजून काही उचललेलं नाही.

बंगला १२, ७:१२
काकू, डांबरगोळ्या टाका लॉनभर. वासाने फिरकणार नाही कोणी. नाहीतर मिरचीपूड.

बंगला १० (डॉक्टर ताई), ७:२०
डांबरगोळ्या अजिबात नको! कुत्र्याने एखादी गिळली तर विषबाधा होते, आणि नातू तिथेच खेळतो म्हणताय, मुलांनाही ते विषच. मिरचीपुडीने नाका-डोळ्यांची आग होते, आणि लॉनला एकदा पाणी दिलं की ती गेली वाहून. अजून एक, जागा धुताना अमोनिया असलेलं काही वापरू नका. लघवीलाही तोच वास असतो, कुत्र्याला वाटतं आपलीच जागा. एन्झाइमवालं क्लीनर मिळतं, ते फरशीवर वापरा.

बंगला १२, ७:२२
पण ते शेवटी खतच ना? सुकलं की गवतालाच मिळतं.

बंगला १०, ७:२९
शेण आणि हे एक नाही. गाय गवत खाते, कुत्र्याचा आहार वेगळा आणि पोटातले जंतही वेगळे. गोलकृमीची अंडी विष्ठेतून मातीत पडतात. ताजी असताना ती बाधत नाहीत, साधारण दोन ते चार आठवड्यांत तयार होतात आणि मग वर्षानुवर्षं मातीत टिकतात. म्हणजे "सुकू दे, मग उचलू" हे बरोबर उलटं आहे. ताजं असतानाच उचलायचं. अंकुशकृमीच्या अळ्या तर अनवाणी पायाच्या कातडीतून आत शिरतात. काकू, आठवडाभर नातवाला चप्पल घालूनच सोडा. आणि ज्यांच्याकडे कुत्री आहेत त्यांनी जंताचं औषध कधी दिलं होतं ते आज बघा.

बंगला ११, ७:३३
मी एक खरी माहिती देतो. २०१३ साली शास्त्रज्ञांनी ७० कुत्र्यांचा अभ्यास केला, १,८९३ वेळा त्यांना हे करताना बघून नोंद ठेवली. निष्कर्ष काय, तर पृथ्वीचं चुंबकीय क्षेत्र शांत असेल तेव्हा कुत्री उत्तर-दक्षिण तोंड करून बसणं पसंत करतात. २०१४ ला इग नोबेल मिळालं त्याला, म्हणजे आधी हसवणाऱ्या आणि मग विचार करायला लावणाऱ्या संशोधनाचं बक्षीस. काकू, तुमचं लॉन उत्तर-दक्षिण आहे का?

बंगला ७, ७:३५
१,८९३ वेळा वही घेऊन उभे राहिले. उचललं कोणी ते लिहिलंय का?

बंगला १५ (अण्णा), ७:४८
आत्ता वाचलं सगळं. काकूंच्या लॉनवर दोन वेगळ्या गोष्टी आहेत, त्या एकत्र करू नका. फोटोतली एक. दुसरी म्हणजे पिवळे चट्टे. परवा फाटकातून बघितले मी, ताटलीएवढे आहेत. मध्ये गवत जळलेलं आणि कडेने गोल पट्टा, तिथलं गवत बाकीच्यापेक्षाही गडद हिरवं. हे लघवीचं काम. तिच्यात युरिया असतो, म्हणजे नत्र. मधोमध जास्त पडतं, तिथे जळतं. कडेला पोचेपर्यंत कमी होतं, तिथे तेच खत ठरतं. मूठभर युरिया एका जागी सांडला तर हेच होईल.

बंगला ४, ७:५०
अण्णा, माहिती छान आहे. पण माझा काय संबंध?

बंगला १५, ७:५४
तेच सांगतोय. हे चट्टे लॉनच्या मधोमध आहेत, खांबाशी किंवा झाडाशी एकही नाही. मोठा नर बहुतेक वेळा पाय वर करून उभ्या वस्तूवर थोडं थोडं मारत जातो. सपाट गवतावर बसून सगळं एका जागी सोडते ती बहुधा मादी. बहुधा म्हणतोय हां, काही नरही बसतात.

बंगला ४, ७:५५
आमचा टायगर नर आहे!!! गल्लीतला एक खांब सोडत नाही तो!

बंगला ११, ७:५६
माझ्या गाडीचं मागचं चाकही सोडत नाही. ते नंतर बोलू.

बंगला १२, ७:५६
मग मादी कोणाकडे आहे?

बंगला १२, ८:०९
अचानक सगळे कामाला लागले वाटतं.

बंगला ३, ८:१५
कोणाकडे का असेना, मी माझा अनुभव सांगते. आधीच्या घरी शेजाऱ्यांशी माझं हेच झालं होतं. मी फोटो काढले, ग्रुपवर टाकले, कॅमेऱ्याचं फुटेज टाकलं. पुरावा एकदम पक्का. परिणाम काय, तर सहा महिने त्यांनी माझ्याकडे बघितलं नाही आणि घाण तशीच. चारचौघांत पकडलं की माणूस आधी अब्रू सांभाळतो, लॉन नंतर. मग एकदा ते काका कुत्र्यासोबत उभे असतानाच मी बाहेर गेले. हातात पिशवी होती. "पिशवी विसरलात वाटतं, ही घ्या," एवढंच म्हणाले. त्यांनी निमूट घेतली, उचललं, वर थँक्यू म्हणाले. दुसऱ्या दिवशी पुन्हा मी पिशवी दिली, पोटात राग दाबून. तिसऱ्या दिवशी त्यांनी स्वतःची आणली होती, आणि मला लांबूनच वर करून दाखवली.

बंगला ७, ८:१७
मी पहाटे पिशवी घेऊन उभी राहू का आता?

बंगला ३, ८:१७
दोन दिवस. पाटी लावण्यापेक्षा स्वस्त पडतं काकू.

बंगला ९, ९:२६
आत्ता मेसेज बघितले. आमच्याकडे मादी आहे. आम्ही दोघं सहालाच निघतो, तिला फिरवायला मुलगा येतो. त्याला पिशव्यांचा रोल देऊन ठेवलाय, त्यामुळे आम्ही निर्धास्त होतो. आत्ता सासूबाईंना फोन करून रोल बघायला सांगितला. दोन महिन्यांपूर्वी दिलेला, त्याचा कागदी पट्टासुद्धा फाडलेला नाही. काकू, खरंच सॉरी. संध्याकाळी येते.

बंगला ७, ९:३१
ये. त्या मुलाला ओरडू नकोस, आधी विचार. त्याला कोणी दाखवलं तरी होतं का?

बंगला ९, ९:३२
नाही 😔 रोल हातात दिला फक्त.

बंगला १०, ९:४०
उद्या एकदा त्याच्याबरोबर चालून या. आणि तो लांबत जाणारा पट्टा असेल तर दुसऱ्यांच्या फाटकांसमोरून जाताना आखूड करून लॉक करायचा, नाहीतर पोरगा रस्त्यावर आणि कुत्री लॉनच्या मध्यावर. शिवाय तिला खायला देऊन लगेच बाहेर काढू नका. खाल्ल्यावर अर्ध्या तासात बहुतेक कुत्र्यांना जावं लागतं. तेवढा वेळ तुमच्याच आवारात एक कोपरा ठरवून द्या, रोज तोच. मग फिरायला.

बंगला ९, ९:४३
आणि चट्ट्यांचं काय करू? तिला काहीतरी गोळ्या देतात म्हणे, मग गवत जळत नाही.

बंगला १५, ९:५१
त्या नादाला लागू नको. आम्लता कमी करू म्हणतात, पण गवत जळतं नत्राने आणि क्षारांनी, आम्लतेने नाही. ताजं असेल तर लगेच भरपूर पाणी ओत, विरघळून खाली जातं. जे आधीच मेलंय ते पाण्याने हिरवं होणार नाही. ते खरवडून, जागा नीट भिजवून, नवी माती टाकून गवत लावायचं. रविवारी मी खुरपं घेऊन येतो.

बंगला १२, ९:५५
हालचाल झाली की आपोआप पाणी उडवणारा स्प्रिंकलरही मिळतो म्हणे.

बंगला ११, ९:५६
पहिला भिजणार पार्सलवाला.

बंगला ४, १०:०२
काकू, पाटीचं काय?

बंगला ७, १०:०५
काढली. सकाळीच, अण्णांचा मेसेज वाचून. पण पाटीमागच्या खांबाचा रंग उडालाय खालून, वीतभर. तो टायगरच ना?

बंगला ४, १०:०९
हो. बादली आणि ब्रश घेऊन येतो.

बंगला ११, १०:१०
येताना माझ्या चाकाकडून या.