अंतूर किल्ला: ऑक्टोबरमध्ये जायचंय, मदत हवी आहे

नमस्कार मंडळी, मी जालन्याचा. दिवाळीआधी कन्नड तालुक्यातल्या अंतूरला जायचं घाटतंय. सोबत भाऊजी आणि त्यांचा बारा वर्षांचा पोरगा.

मागच्या वर्षी सप्टेंबरात एकटाच गेलो होतो. नागापूरच्या पुढे काळ्या मातीत मोटारसायकल अशी रुतली की तासभर चाकातला चिखल काठीनं उकरत बसलो. किल्ला राहूनच गेला. पण तेवढ्यात सागाच्या रानातून दोन रोही (नीलगाय) निघाले, मला बघून थबकले, त्यातल्या मोठ्यानं कान हलवला आणि दोघंही शांतपणे खाली उतरून गेले. तो तास वाया गेला असं अजून वाटत नाही.

आता विचारायचंय ते असं. पाऊस उघडल्यावर तो रस्ता किती दिवसांत वाळतो? आजूबाजूचं जंगल गौताळा अभयारण्याचं, मग वनविभागाची परवानगी आधी काढावी लागते का नाक्यावरच मिळते? कातळात कोरलेल्या खंदकाजवळ आग्यामोहोळं असतात का? पोराला घेऊन जायचंय म्हणून हीच धास्ती जास्त. २०२१ साली गौताळ्यात वाघ आला होता, तेव्हापासून घरचे रोज तेच काढतात. बिबट्याचं मात्र कुणी नाव घेत नाही!

वरच्या तळ्याचं पाणी गाळून-उकळून चालेल, का सगळं खालूनच न्यायचं? आणि फारसी अक्षरं कोरलेला तो जुना वाटदर्शक दगड नेमका कुठं लागतो? नागापुरातला कुणी जाणता वाटाड्या मिळाला तर लई बरं होईल. त्याची मजुरी किती द्यावी, तेही सांगा.