केशमुळांना बुरशीचा अर्क दिल्यावर वाढ खुंटते : मात्रा कमी करावी की वेळ बदलावी?

प्रश्न :
सदाफुलीच्या केशमुळांपासून (जिवाणूच्या साहाय्याने प्रयोगशाळेत वाढवलेल्या बारीक मुळांपासून) अजमलिसिन हे औषधी अल्कलॉइड (वनस्पतीतील नायट्रोजनयुक्त द्रव्य) मिळवण्याचे काम मी करीत आहे. ॲस्परजिलस नायजर या बुरशीचे कवकजाल (तंतूंचे जाळे) वाटून, ऑटोक्लेव्ह करून (दाबाखालच्या वाफेत निर्जंतुक करून) तयार केलेला अर्क सातव्या दिवशी द्रव माध्यमात मिसळला आणि एकविसाव्या दिवशी मुळे काढली. दर ग्रॅम कोरड्या वजनामागे अजमलिसिन स्पष्टपणे वाढले होते. मात्र मुळे तपकिरी पडली होती आणि त्यांचे वजन नियंत्रण (अर्क न दिलेल्या) फ्लास्कच्या निम्मेही भरले नाही. अर्काची मात्रा कमी करावी, की अर्काऐवजी जिवंत बुरशीच मुळांसोबत वाढवावी?

प्रतिसाद १ :
अर्काने आपले काम केले आहे, फक्त ते फार लवकर केले. बुरशीच्या भित्तिकेतील कायटिन आणि ग्लुकन यांचे तुकडे ओळखताच मुळांच्या पेशींना आक्रमण झाल्याची सूचना मिळते. कॅल्शियमचे आयन आत शिरतात, जॅस्मोनिक आम्ल हे बचावाचे संप्रेरक तयार होते आणि अल्कलॉइड घडवणारी जनुके कामाला लागतात. या बचावासाठी लागणारी साखर आणि नायट्रोजन वाढीच्या वाट्यातूनच जातात. सातव्या दिवशी मुळे भराने वाढत असतात, त्यामुळे तेव्हाचे नुकसान नंतर भरून निघत नाही. मुळांचा वाढीचा आलेख काढून, वाढ मंदावू लागेल तेव्हा अर्क द्यावा आणि २४, ४८ व ७२ तासांनी नमुने घ्यावेत. जपानमध्ये १९८० च्या दशकात शिकोनिन या लाल रंगद्रव्याचे व्यावसायिक उत्पादन सुरू झाले, तेव्हाही पेशी एका माध्यमात वाढवून मग दुसऱ्या माध्यमात त्यांच्याकडून शिकोनिन तयार करून घेत असत. हिशेब दर ग्रॅमचा न ठेवता दर फ्लास्कचा ठेवावा, आणि त्यात माध्यमात उतरलेले अजमलिसिनही धरावे. या मुळांत व्हिनब्लास्टिन हे कर्करोगावरील औषध शोधण्याचा मोह मात्र टाळावा, कारण त्यासाठी लागणारे व्हिंडोलिन पानांसारख्या हिरव्या भागांतच तयार होते.

प्रतिसाद २ :
नियंत्रण फ्लास्कमध्ये आपण नेमके काय घातले होते? नुसते पाणी घातले असेल तर तुलना अपुरी राहते. बुरशी ज्या माध्यमात वाढवली, ते बुरशीविना ऑटोक्लेव्ह करून तेवढ्याच प्रमाणात घातले पाहिजे, नाहीतर त्यातील साखरेचा परिणाम बुरशीच्या नावावर जमा होतो. शिवाय अर्काच्या दोन खेपा कधीच सारख्या नसतात. त्यामुळे मात्रा मिलिलिटरमध्ये न मोजता फिनॉल-सल्फ्युरिक आम्ल पद्धतीने कर्बोदके मोजून ठरवावी.

प्रतिसाद ३ :
जिवंत ॲस्परजिलस नायजर मुळांसोबत कृपया वाढवू नये. माध्यमात लिटरमागे ३० ग्रॅम साखर असते आणि ही बुरशी ती फस्त करून मुळांना झाकून टाकते. सहजीवनाचाच प्रयोग करायचा असल्यास थरच्या वाळवंटातील झुडपांच्या मुळांजवळ सापडलेली, १९९८ मध्ये वर्णन झालेली पिरिफॉर्मोस्पोरा इंडिका (आताचे नाव सेरेंडिपिटा इंडिका) ही बुरशी अधिक योग्य ठरेल. ती मुळांत शिरूनही त्यांना मारत नाही आणि अर्बस्क्युलर मायकोरायझा या सहजीवी बुरशी जिवंत मुळांवरच अवलंबून असतात, तशी ही नसून कृत्रिम माध्यमातही वाढते. जवसाच्या कुळातील लायनम आल्बमच्या केशमुळांत पोडोफायलोटॉक्सिन (कर्करोगावरील काही औषधांचे मूळ द्रव्य) वाढवण्यासाठी तिचा उपयोग झालेला आहे. तरीही सहवासाचा काळ मोजकाच ठेवावा लागतो, कारण साखर भरपूर असताना तीही मुळांच्या पुढे निघून जाते.

प्रश्नकर्ता :
सर्वांचे मनापासून आभार. नियंत्रण फ्लास्कमध्ये मी पाणीच घातले होते, आणि वापरलेले माध्यम न तपासता टाकून दिले, याची आता फार चुटपुट लागली आहे. आधी अर्काविना वाढीचा आलेख काढतो आणि मग मात्रा तीच ठेवून फक्त दिवस बदलून पाहतो.