जीवाश्म कवड्या : खणात ठेवायच्या की मुलांच्या हातात द्यायच्या?

शिंपलेवेडा :
मी मेलबर्नला राहतो. इथल्या व्हिक्टोरिया राज्यातल्या जुन्या सागरी थरांत 'जायगँटोसिप्रिया गिगास' नावाची कवडी सापडते. सुमारे दीड कोटी वर्षांपूर्वीची. जीवाश्मशास्त्रज्ञ फ्रेडरिक मॅकॉय यांनी १८६७ साली तिचं नामकरण केलं. आईच्या देवघरातली कवडी बोटाच्या पेराएवढी, आणि ही वीतभर! आजची सगळ्यात मोठी कवडीसुद्धा १९ सेंमीच्या आसपासच थांबते.
माझं म्हणणं सरळ आहे. एकाच जातीचे ढीगभर नमुने संग्रहालयांनी खणांत कशाला ठेवायचे? दोन-चार ठेवा, बाकीचे शाळांना द्या.

गाळखडक :
'बाकीचे' या शब्दालाच माझा विरोध आहे. कवडी वयात आली की ओठ आत वळतो, त्यावर दात येतात आणि वाढ थांबते. त्यामुळे पूर्ण वाढलेल्या कवड्याही एकाच जातीत लहान-मोठ्या असतात. दोनच ठेवल्यात तर उद्या कुणी त्यांच्या दोन जाती करेल. ढीग असला तरच खरं काय ते कळतं.
कोवळ्या कवड्या तर आधी जपायच्या. शेंड्याचं पहिलं वळण त्यांच्यातच उघडं असतं (मोठेपणी ते झाकलं जातं). पिल्लू पाण्यात तरंगत दूर गेलं की जन्मल्या जागीच रांगत राहिलं, ते त्यावरून ओळखता येतं. आणि रंग उडालेल्या कवडीवर अतिनील प्रकाशात कधीकधी जुनी नक्षी पुन्हा दिसते. शाळेत घासूनपुसून लख्ख केलेल्या कवडीवर ती उरेल का?

दर्यासारंग :
मी शिंपलेवेडाच्या बाजूने. ओहोटीला कड्याखाली फिरणारे हौशी लोक नसते तर कितीतरी कवड्या लाटांनीच चुरल्या असत्या. त्यांच्या घरी चार राहिल्या तर बिघडलं कुठे?

गाळखडक :
शोधण्याबद्दल त्यांचे उपकारच आहेत. पण कुठल्या कड्यातली, कुठल्या थरातली, ही चिठ्ठी घरोघरी टिकत नाही. माणूस गेला की कवड्या विकल्या जातात आणि चिठ्ठी कचऱ्यात जाते. ऑस्ट्रेलियात जीवाश्म देशाबाहेर नेण्यावर १९८६ च्या कायद्याने नियंत्रण आहे, पण हरवलेली चिठ्ठी कुठला कायदा परत आणणार?

शिंपलेवेडा :
कोवळ्या कवड्यांचं मला माहीत नव्हतं, तेवढा मुद्दा मान्य. पण चिठ्ठी आधीच हरवलेल्या कवड्यांचं काय? तुमच्याच हिशेबाने त्या अभ्यासाला फारशा उपयोगी नाहीत. त्या तरी द्या. माझ्या मुलीने ती कवडी काचेपलीकडून पाहिली आणि पहिलं काय विचारलं, तर "बाबा, जड असेल का?"