एमडी-८८चा उंची-कॅप्चर उप्पालमध्ये: सगळं हिरवं येतंय, हीच अडचण

घड्याळवाला:
एमडी-८८ या प्रवासी विमानाच्या ऑटोपायलटचा तो प्रसिद्ध प्रसंग उप्पालमध्ये (घड्याळं असलेल्या मॉडेलच्या सगळ्या शक्यता तपासणारा मॉडेल चेकर) मांडतोय. लक्ष्य ५,००० फूट, उंची आर्म केलेली (तिथे पोचल्यावर थांबायचं हे यंत्राला सांगून ठेवलेलं), विमान चढतंय. लक्ष्य जवळ आलं की ऑटोपायलट आपणहून कॅप्चरमध्ये (चढ कमी करत त्या उंचीवर सपाट होण्याच्या मोडमध्ये) शिरतो आणि त्याच क्षणी ‘आर्म’ संपतं. तेवढ्यात वैमानिकाने चढण्याच्या वेगाचं चाक फिरवलं, तर यंत्र, म्हणजे ऑटोपायलट, वर्टिकल स्पीडमध्ये (दिलेल्या वेगाने चढण्याच्या मोडमध्ये) जातं, उंची आर्म नसतेच, आणि विमान ५,००० ओलांडून चढत राहतं. सिम्युलेटरमध्ये हे घडलेलं आहे, म्हणजे प्रतिउदाहरण मिळायलाच हवं.

पण ‘ए[] उंची <= ५१००’ (‘ए[]’ म्हणजे ‘नेहमीच’) क्षणात हिरवं, म्हणजे खरं ठरतं. ‘ए[] नॉट डेडलॉक’ही हिरवं, म्हणजे मॉडेल कुठेच पूर्ण अडकत नाही. दोन ऑटोमॅटा (अवस्था आणि त्यांना जोडणाऱ्या कडा) आहेत, वैमानिक आणि यंत्र. मध्ये ‘चाक’ हे साधं चॅनेल: वैमानिक पाठवतो, यंत्र ‘चाक?’ने घेतं. उंची फुटांत पूर्णांक. वेगही हवा तसा बदलू दिला की मेमरी संपते. कुठे चुकतंय?

कड_आणि_गार्ड:
आधी हे विचारा: ‘ई<> कॅप्चरमध्ये_चाक’ (‘ई<>’ म्हणजे ‘असं कधी घडू शकतं का’). यंत्र कॅप्चरमध्ये असताना चाक फिरलं तरच वैमानिकाच्या कडेवर खरा होणारा एक बूलियन (खरं/खोटं चल) त्यासाठी ठेवा. लाल आलं तर धोक्याचा प्रसंग तुमच्या मॉडेलमध्ये घडूच शकत नाही, आणि वरचं हिरवं फुकटचं आहे.

माझा संशय असा: यंत्राच्या कॅप्चर अवस्थेतून ‘चाक?’ची कड निघतच नसेल. साध्या चॅनेलवर घेणारा तयार नसला की पाठवणाराही अडतो. म्हणजे वैमानिकाचा हात तुम्हीच धरून ठेवलाय. डेडलॉकची तपासणी हे पकडणार नाही, कारण बाकी कडा चालू असतात आणि काळही पुढे सरकतो.

घड्याळवाला:
लाल आलं. कड नव्हतीच. चॅनेल ब्रॉडकास्ट केलं तर चालेल?

कड_आणि_गार्ड:
नको, उलट जास्त फसाल. ब्रॉडकास्टवर घेणारा नसला तरी पाठवणारा पुढे जातो. वैमानिक चाक फिरवेल, यंत्र ढिम्म, विमान शहाण्यासारखं ५,०००वर थांबेल. वरची ई<> क्वेरीसुद्धा हिरवी येईल! यंत्राच्या प्रत्येक मोडमधून ‘चाक?’ची कड हाताने जोडा. खऱ्या यंत्रात चाकाचा परिणाम होत नसेल तिथे स्वतःकडे वळणारी कड द्या, म्हणजे ‘दुर्लक्ष’ हा निर्णय कागदावर दिसतो.

शिवाय दोन वेळा चाक फिरवण्यात किमान अंतराचा गार्ड, म्हणजे कडेवरची अट, घाला (घड्याळ >= १). नाहीतर शून्य वेळात अनंत वेळा चाक फिरवणारा वैमानिक तयार होतो आणि ‘-->’ वाले (‘हे झालं की ते कधीतरी होतंच’) गुणधर्म विनाकारण पडतात, म्हणजे खोटे ठरतात.

चार_खाने:
मेमरीबद्दल: फूट कशाला हवेत? उंचीला चार किमती पुरे: खाली, जवळ, लक्ष्यावर, वर. कॅप्चर किंवा होल्डमध्ये (उंची धरून ठेवण्याच्या मोडमध्ये) ‘लक्ष्यावर’हून पुढे जाता येत नाही, वर्टिकल स्पीडमध्ये आर्म नसताना येतं. वेगाचा आकडाही काढून टाका, ‘चढतंय / सपाट’ एवढंच ठेवा. गुणधर्म मग ‘ए[] उंची != वर’. ट्रेस (प्रतिउदाहरणाचा पायरी-पायरीचा माग) चार-पाच पायऱ्यांचा निघेल आणि नुसता वाचून समजेल.

खरं तर इतक्यासाठी उप्पालचीही गरज नाही. संगणकशास्त्रज्ञ जॉन रश्बी यांनी हाच प्रसंग मर्फी या दुसऱ्या मॉडेल चेकरमध्ये तपासला, आणि मर्फीत घड्याळं नसतात.

मनातला_मोड:
रश्बींच्या कामातली मुख्य गोष्ट वर आलीच नाही. यंत्राच्या शेजारी त्यांनी वैमानिकाच्या मनातलं यंत्र ठेवलं आणि दोघं कुठे फुटतात ते चेकरला शोधायला लावलं. तुमचा वैमानिक सध्या फक्त बटणं दाबतो, त्याला काही वाटत नाही. तिसरा ऑटोमॅटन घाला, दोनच अवस्था: ‘थांबणार’, ‘चढत राहणार’. उंची आर्म केली की ‘थांबणार’. चाक फिरवल्याने त्यात फरक पडत नाही, कारण उंची सेट केली म्हणजे काम झालं अशी त्याची समजूत आहे. गुणधर्म: ‘ए[] नॉट (मन.थांबणार अँड यंत्र.चढत_राहणार)’, इथे यंत्राचं ‘चढत_राहणार’ म्हणजे वर्टिकल स्पीड, आर्म नसताना. हा ‘चाक’ कडेवरच पडतो, म्हणजे विमान लक्ष्याच्या वर जाण्याआधी.

मोड बदलल्यावर डिस्प्ले बघून वैमानिक समजूत सुधारतो असं दाखवायचं असेल तर घड्याळ लागतं: विसंगती ठराविक सेकंदांपेक्षा जास्त टिकू नये. मात्र ‘डिस्प्ले बघितलाच नाही’ ही कडही ठेवा. ती काढली की तुम्ही सिद्ध करताय ते न चुकणाऱ्या वैमानिकाबद्दल.

दुरुस्ती तपासताना कॅप्चरमधून ‘चाक?’ घेतल्यावर आर्म पुन्हा खरं करा, आणि त्याच क्वेरी जशाच्या तशा चालवा. पहिली ई<> धरून.