टॉनिकमुळेच घड भरला का?
काही जण म्हणतात, जळगाव जिल्ह्यात रावेर-यावलकडे ज्यांनी टॉनिक (पिकाच्या वाढीसाठी फवारायचं औषध) फवारलं त्यांच्या केळीचे घड वजनदार निघाले, म्हणजे टॉनिक लागू पडलं. भाऊ, एवढ्यावरून तसं ठरत नाही. महागडं टॉनिक घेणाऱ्याकडे बहुधा टिश्यूकल्चरची (प्रयोगशाळेत तयार केलेली) रोपं, ठिबक, वेळेवर खत हेही असतं. वजन त्यानंही वाढतं. खात्री करायची तर एकाच बागेतल्या, एकाच दिवशी लावलेल्या १२ ओळी घ्या, कडेच्या सोडून; तिथं ऊन जास्त मिळतं. चिठ्ठ्या टाकून ६ ओळींना टॉनिक, ६ ना नुसतं पाणी फवारा. ओळी स्वतः निवडल्या तर हात नकळत जोमदार झाडांकडेच जातो, आणि सगळा हिशेब तिथंच बिघडतो. खत-पाणी सारखंच ठेवा. वारा असताना फवारू नका, औषध शेजारच्या ओळीवर उडतं. कापणीला प्रत्येक घड वेगळा तोला.